एका सरळ रेषेतले चार फोड

आमच्या मुलीच्या डाव्या नडगीवर चार फोड आले होते आणि ते चारही एका सरळ रेषेत होते.

सरळ म्हणजे लोक बोलताना म्हणतात तितपत सरळ नव्हे. मी मोजले होते. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून पहिला फोड तीन पॉइंट दोन सेंटिमीटरवर, दुसरा पाच पॉइंट एकवर, तिसरा बरोबर सातवर आणि चौथा आठ पॉइंट नऊवर होता. चौघांचे मध्य जोडणारी रेषा कुठेही एका मिलिमीटरहून अधिक ढळत नव्हती. वजने-मापे तपासणाऱ्या कार्यालयात मी गेली अकरा वर्षे दुकानांतले तराजू आणि कारखान्यांतल्या मोजपट्ट्या तपासतो आहे. इतकी सरळ रेषा मी कित्येक कारखान्यांतही पाहिलेली नाही.

सुरुवात मात्र एकाच फोडाने झाली होती. मुलगी दोन वर्षे चार महिन्यांची आहे. घरात तिला सगळे 'सरकार' म्हणतात, कारण अर्ज कोणताही केला तरी तिच्याकडून "नाई" एवढेच उत्तर येते आणि निर्णयाची कारणे दिली जात नाहीत. एका गुरुवारी आंघोळ घालताना बायकोने हाक मारली.

"अरे, सरकारच्या पायाला हे काय आलंय बघ."

"डास," मी म्हणालो.

"मध लावून चावला का डास?"

फोडावर खरोखरच मधाच्या रंगाची खपली होती. बालरोगतज्ज्ञ बाईंनी ती अर्धे मिनिट पाहिली आणि सांगितले, "जिवाणूंचा संसर्ग आहे. या वयात फार होतो, घाबरू नका. कोमट पाण्यानं खपली मऊ करून हळूच काढायची आणि दिवसातून तीनदा हे मलम लावायचं. तिची नखं कापा, टॉवेल वेगळा ठेवा. पसरतो पटकन, म्हणून जे जे फोडाला लागेल ते ते धुवायचं. आणि वाढतोय का कमी होतोय, लक्ष ठेवा."

शेवटचे वाक्य मी मनावर घेतले. 'लक्ष ठेवा' ही सूचना शास्त्रीय दृष्ट्या अत्यंत ढिसाळ आहे. लक्ष कशाने ठेवायचे, दर किती तासांनी आणि कोणत्या एककात, याविषयी वैद्यकशास्त्र मौन पाळते. म्हणून घरी आल्याबरोबर मी एक दोनशे पानी वही काढली, पट्टीने उभ्या-आडव्या रेघा मारून तक्ता आखला, आणि रोज सकाळी सात, दुपारी एक व संध्याकाळी सात या वेळांना फोडाचा व्यास, खपलीची रुंदी आणि गुडघ्यापासूनचे अंतर नोंदवू लागलो.

पट्टीविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. ती पंधरा सेंटिमीटरची, पारदर्शक प्लास्टिकची पट्टी आहे. ती मी स्वतः प्रमाणित केलेली असून तिच्यातली त्रुटी एक दशांश मिलिमीटरहूनही कमी आहे. एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे, परंतु त्याने मापनात फरक पडत नाही. ती माझ्या शर्टाच्या खिशात असते. इतरांच्या खिशात पेन असते, हे मला नेहमीच थोडे उथळपणाचे वाटत आले आहे.

या सगळ्याला एक अंतिम तारीख होती. अडीच वर्षांच्या खंडानंतर बायको पुन्हा नोकरीवर रुजू होणार होती, पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी, सकाळी साडेनऊला. रुजू होण्याची तारीख आम्ही एकदा पुढे ढकलून घेतली होती. ती पुन्हा ढकलता येणार नाही, हे त्यांच्या पत्रात ठळक अक्षरांत होते. सासूबाई मदतीला आलेल्या होत्या, पण त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्याच सोमवारी ठरलेली असल्याने त्या रविवारी परतणार होत्या. माझी उरलेली सगळी रजा मी या फोडाच्या सेवेत लावली होती. थोडक्यात, त्या सोमवारी सरकार पाळणाघरात गेले पाहिजे, नाहीतर बायकोची नोकरी सुरू होण्यापूर्वीच जाणार होती. बायको हे बोलून दाखवत नव्हती. ती फक्त कपाटातला नवा ड्रेस रोज एकदा बाहेर काढायची, त्याच्याकडे पाहायची आणि परत आत लावायची.

आणि फोड वाढत होते. शनिवारी दुसरा आला, रविवारी तिसरा, मंगळवारी सकाळी चौथा.

पाळणाघराच्या संचालिकाबाईंना मी अत्यंत मोजक्या शब्दांत परिस्थिती सांगितली. त्यांनी तितक्याच मोजक्या हालचालींत टेबलाच्या खणातून चार पानी फॉर्म काढला.

"हा डॉक्टरांच्या सहीसकट लागेल. सोमवारी सकाळी, मूल आत सोडायच्या आधी. रकाना आठमध्ये संसर्गाचा प्रकार, तो डॉक्टर लिहितील. नऊ तुम्ही भरायचा."

रकाना नऊ असा होता: 'संसर्गाचे कारण (पालकांनी स्वतः भरावे)'.

"जिवाणू," मी म्हणालो.

"जिवाणू हा प्रकार झाला. तो आठमध्ये. नऊमध्ये तो कुठून आला ते."

"ते कळलेलं नाही. 'अज्ञात' लिहिलं तर?"

"लिहा की. मग मूलही अज्ञात मुदतीपर्यंत घरी ठेवा. कारण घरातच असेल आणि तुम्हाला ठाऊक नसेल, तर ते परत येणार. इथे बावीस मुलं आहेत."

या युक्तिवादात मला एकही दोष सापडला नाही. नाइलाजाने मला त्या बाईंविषयी आदर वाटला, आणि तो लपवण्यासाठी मी फॉर्मच्या समासाविषयी एक बोचरी टिप्पणी केली.

घरी परततो तर जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका उभे होते. टपाल खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षे झाली, परंतु इमारतीतील प्रत्येक बातमी पोहोचती करणे ते अजून आपले कर्तव्य मानतात.

"काय म्हणतायत सरकार? चार झाले म्हणे!"

चौथा फोड आम्हाला सकाळी सातला दिसला होता. आता सव्वानऊ वाजले होते.

"टूथपेस्ट लावा," काका म्हणाले. "आमच्या हेड ऑफिसातल्या साहेबांच्या मुलीला लावली होती."

"बरी झाली?"

"दात फार छान आहेत तिचे." मग ते माझ्या जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पण एक सांगू का? छत्तीस वर्षं टपाल पाहिलंय मी. कुठलीही वस्तू आपल्या पायांनी दुसरीकडे जात नाही. कोणीतरी नेऊन टाकावी लागते. एका रांगेत चार म्हणजे एकच पोस्टमन आहे, रोज ठरल्या वेळी येणारा. घरातलाच. बघा शोधून."

मी त्यांना सांगितले की जिवाणूंच्या प्रसाराला टपाल खात्याचे नियम लागू होत नाहीत, आणि वर निघून आलो. हे वाक्य मला पुढे फार महागात पडले.

पण 'शोधून बघा' हा भाग ग्राह्य होता. त्या दिवशी मी वहीत पट्टीने नवा तक्ता आखला आणि मुलीच्या पायाला दिवसभरात लागू शकणाऱ्या सर्व वस्तूंची यादी केली. एकूण एक्केचाळीस निघाल्या. मी त्या एकेक करून उकळत्या पाण्यात, साबणात किंवा उन्हात पाठवू लागलो. चादरी, मोजे, प्लास्टिकची बादली, खुर्चीचे पाय, दाराची उघडझाप करणारी मूठ. बादली उकळत्या पाण्यात बशीसारखी झाली. खरी शोकांतिका मात्र कापडी हत्तीची झाली. सरकार त्याला पायांत धरून झोपत असल्याने तो प्रमुख संशयित होता. वीस मिनिटे उकळल्यावर एकतीस सेंटिमीटरचा हत्ती सव्वीस सेंटिमीटरचा होऊन बाहेर आला आणि त्याची सोंड डावीकडे वळली. तो पाहून सरकारने बराच वेळ विचार केला आणि विचारले, "मोठा हत्ती कुठे?"

"हाच तो," मी म्हणालो.

"नाई. हे बाळ आहे. मोठा कुठे?"

दोन दिवस मोठा हत्ती पलंगाखाली शोधला जात होता.

माझी यादी सासूबाईंच्या हाती लागली ती त्याच सुमारास. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. कागद हाती आला की चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचणे ही त्यांची सवय.

"जावई," त्या म्हणाल्या, "सहा नंबरला पायपुसणं आहे, आठ नंबरला कुंडी. मध्ये सातवर कोण आहे म्हणता?"

सातवर 'आजी (हात, अंगठी)' होते.

"आई, ते केवळ निरसनासाठी आहे. एकेक शक्यता बाद करत जायची असते."

"अच्छा. मग बाद करा मला. उकळायचंय का?"

बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

मी सासूबाईंना हात धुण्याची शास्त्रीय पद्धत दाखवली: वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांसह, आणि वीस सेकंद झाले की नाही हे मी शेजारी घड्याळ घेऊन उभा राहून पाहिले. सासूबाईंनी एकवीस सेकंद धुतले, अंगठी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही पण मोजून ठेवा."

मंगळवारी संध्याकाळी डॉक्टरांनी चौथा फोड पाहून तोंडाने घ्यायचे औषध सुरू केले. सात दिवस, दिवसातून दोनदा, पाच मिलिलिटर. बाटलीत कोरडी पूड होती. उकळून गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालून हलवायचे, असे लिहिले होते. आता पाण्याचा पृष्ठभाग काचेजवळ किंचित वर चढतो आणि मध्ये खोल राहतो. खूण जुळवायची ती मधल्या खोलगट भागाशी. मी बाटली डोळ्यांच्या पातळीवर आणून गुडघ्यांवर बसलो. त्यात फेस आला. फेस बसायची वाट पाहावी लागली.

"झालं का?" स्वयंपाकघराच्या दारातून बायको.

"अजून एक मिलिमीटर."

"अरे, फोडाचा वाढदिवस येईल तोवर!"

औषध देण्यासाठी सुईविना सिरिंज होती. पहिल्या वेळी सरकारने आश्चर्यकारक सहकार्य केले. तोंड उघडले, पाच मिलिलिटर आत घेतले, तोंड मिटले आणि आमच्याकडे पाहून हसले. त्या हास्यातून औषध एका धारेने बाहेर आले आणि लाळेऱ्यावर पसरले.

आता प्रश्न असा की पोटात किती गेले? मी लाळेरे सोडले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. कोरड्या लाळेऱ्याचे वजन मी अर्थातच आधी घेऊन ठेवले होते. फरक सहा पॉइंट चार ग्रॅम भरला. म्हणजे दिलेल्यापेक्षा अधिक औषध बाहेर आले होते.

"यात लाळ आहे," मी म्हणालो. "लाळेचं प्रमाण काढण्यासाठी तिला नुसतं पाणी देऊन एकदा थुंकायला लावलं तर..."

"जावई," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सिरिंज इकडे द्या."

त्यांनी सरकारला मांडीवर घेतले, आखडलेला हत्ती समोर बसवला आणि रिकामी सिरिंज आधी त्याच्या सोंडेला लावली. "हे बाळ आहे ना? बाळाला आधी औषध. घेतलं बघ. आता ताईनं घ्यायचं." गालाच्या आतल्या बाजूने एकेक थेंब जात राहिला आणि पाचही मिलिलिटर आत गेले. लाळेरे कोरडे राहिले. मी ते तरीही काट्यावर ठेवून पाहिले. वहीत मी 'औषध पूर्ण' अशी नोंद केली. कोणी दिले, यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

औषध लागू पडले. बुधवारी नवा फोड आला नाही, गुरुवारीही नाही, आणि जुन्या चौघांचे व्यास दररोज सुमारे एक मिलिमीटरने घटू लागले. मी समाधानाने पट्टी हनुवटीवर टेकवून विचार करू लागलो. विचार करताना पट्टी हनुवटीवर हळूहळू आपटण्याची माझी जुनी सवय आहे. कार्यालयात त्यावरून मला काहीतरी म्हणतात, ते इथे लिहिण्याचे कारण नाही. एकच काळजी उरली होती. यादीतल्या चाळीस वस्तू निर्दोष सुटल्या होत्या, एक्केचाळिसाव्या वस्तूचे, म्हणजे बादलीचे, अस्तित्व राहिले नव्हते, आणि रकाना नऊ कोराच होता.

शुक्रवारी सकाळी दाढी करताना हनुवटीवर काहीतरी लागले. आरशात पाहिले. मधाच्या रंगाची खपली.

मी ती टॉवेलने झाकून बाहेर आलो. टॉवेल माझा वेगळा होता. तेवढा नियम मी पाळतो.

"दात दुखतोय का?" बायकोने विचारले.

"नाही."

"मग टॉवेल का धरलायस?"

"गार वाटतं."

सरकार खुर्चीवर चढले, टॉवेल ओढला आणि जाहीर केले, "बाबाला बाऊ! बाबाला माझा बाऊ!"

सासूबाई चष्मा पुसून आल्या. त्यांनी माझ्या हनुवटीचे परीक्षण मोठ्या निष्पक्षतेने केले आणि विचारले, "सात नंबरचा हात तर तुमच्या हनुवटीला लागला नव्हता ना, जावई?"

जिना उतरताना काका भेटले. त्यांनी फक्त माझ्या हनुवटीकडे पाहून, पत्र योग्य पत्त्यावर पोहोचल्यासारखी मान हलवली.

दवाखान्यात आम्ही तिघेच गेलो. डॉक्टरांनी आधी सरकारची नडगी पाहिली. "छान. चारही सुकतायत, औषध लागू पडलंय. सोमवारी पाठवायला हरकत नाही. सात दिवसांचा कोर्स मात्र पूर्ण करा." बायकोने इतक्या जोरात श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. मग डॉक्टर माझ्याकडे वळल्या आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "हे मात्र नवीन आहे. म्हणजे घरात अजून कुठूनतरी येतंय. ते सापडलं नाही तर आठवड्याभरात हिला परत होईल. मग हा दाखला देऊन काय उपयोग?"

बायकोचा चेहरा उतरला. मी वही पुढे केली. डॉक्टरांना मी पद्धतशीरपणे समजावून सांगितले: एक्केचाळीस वस्तू, तापमाने, कालावधी, हात धुण्याचे सेकंद. पाणी, साबण, हत्ती, आजी, सर्व शक्यता बाद झाल्या असून शिल्लक काहीच राहत नाही, सबब हा संसर्ग तत्त्वतः अशक्य आहे.

डॉक्टर वही चाळत होत्या. "मोजमाप फार बारकाईनं केलंय हो तुम्ही."

"दिवसातून तीनदा," मी विनयाने म्हणालो.

तपासणीच्या टेबलावर बसलेल्या सरकारला कंटाळा आला होता. वाकून तिने माझ्या खिशातली पट्टी काढून घेतली. आम्ही कोणी अडवले नाही, कारण तेवढा वेळ ती शांत बसणार होती. तिने डावा पाय लांब केला. पट्टीचा शून्य गुडघ्याच्या वाटीखाली टेकवला, नडगीवरून पट्टी खाली फोडांवर आडवी केली आणि ती हलू नये म्हणून अंगठ्याने घट्ट दाबली. डोळा बारीक करून पाहिले. "तीन पॉइंट दोन," ती गंभीरपणे म्हणाली. मग पट्टी उचलून स्वतःच्या हनुवटीवर तीनदा आपटली. "हंऽऽ."



"ही कुठे असते?" डॉक्टरांनी सरकारच्या हातातून पट्टी अलगद, टवका उडालेल्या कोपऱ्याला हात न लावता, काढून घेत विचारले.

"खिशात," मी म्हणालो.

"दिवसातून तीनदा फोडावर?"

"फोडाच्या वर. म्हणजे, हो. फोडावर."

"धुता कधी?"

मी वही परत घेऊन यादी पाहिली. एक ते एक्केचाळीस. पट्टी तिच्यात नव्हती. त्या यादीतली प्रत्येक रेघ पट्टीने मारलेली होती, पण पट्टी तिच्यात नव्हती.

डॉक्टरांनी पट्टी दिव्याखाली धरली. कोपऱ्यावर मधाच्या रंगाचे काहीतरी सुकले होते. "पहिला फोड कुठूनही आला असेल, पण पुढचे या पट्टीनंच नेऊन टाकलेत. हा टवका आहे ना, यानं बारीक ओरखडे उठतात. त्यात शिरायला जिवाणूंना वेळ लागत नाही. आणि तुमची हनुवटी रोज दाढीला सोललेली."

बायकोने आधी माझ्याकडे पाहिले, मग पट्टीकडे, मग सरकारकडे. त्यानंतर ती भिंतीला टेकून इतकी हसली की बाहेर बसलेल्या तीन मुलांनी रडणे थांबवून आत डोकावले. सरकारलाही हे आवडले. "तीन पॉइंट दोन!" ते टाळ्या पिटत म्हणाले. "तीन पॉइंट दोन!"

"आईला फोन करू?" हसता हसता बायकोने विचारले. "सात नंबरची सुटका झाली म्हणून सांगते."

"तो निष्कर्ष मी लेखी कळवीन," मी म्हणालो.

मला मलम मिळाले आणि बोलणी मिळाली. मलम दिवसातून तीनदा होते. दुसऱ्या गोष्टीला डॉक्टरांनी प्रमाण दिले नाही, ते घरच्यांवर सोपवले.

रविवारी सासूबाई परतल्या. निघताना त्यांनी माझ्याकडून अंगठी मागून घेतली आणि ती बोटात घालण्यापूर्वी, माझ्या डोळ्यांदेखत, वीस सेकंद धुतली.

सोमवारी आठ वाजून चाळीस मिनिटांनी बायको नव्या ड्रेसमध्ये पाळणाघराच्या दारात उभी होती. तिच्या कडेवर सरकार, सरकारच्या कडेवर आखडलेला हत्ती. संचालिकाबाईंनी चौथे पान उघडले. रकाना आठमध्ये डॉक्टरांचे अक्षर होते. नववा रकाना त्यांनी माझ्यापुढे सरकवला आणि पेन दिले.

"पालकांनी स्वतः," त्या म्हणाल्या.

बायकोने घड्याळ पाहिले. मी लिहिले:

'मुलीच्या वडिलांनी फोड मोजण्यासाठी दिवसातून तीनदा वापरलेली पंधरा सेंटिमीटरची पट्टी. आठ दिवसांत एकदाही धुतली नाही.'